कृपया हात लावू नये

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की नालासोपारा पश्चिमेला स्टेशनरीच्या दुकानांबाहेर ज्वालामुखी टांगले जातात. पिशवीत सीलबंद, तयार. शेजारी इंजेक्शनच्या सिरिंजांवर हलणारा जेसीबी, पावसाचं पाणी साठवणारं घर आणि पवनचक्की. विरार लोकलमधून उतरलेला बाप मेथीच्या जुडीबरोबर एक पवनचक्की घेतो आणि वटार गावाची वाट धरतो. रात्री बाप फेविकॉल लावतो, आई चमकीच्या पेनानं मुलाचं नाव लिहिते, आणि ज्याच्या नावाचा हा प्रकल्प तो मुलगा झोपलेला असतो. सकाळी त्याच पवनचक्कीला बक्षीस मिळतं, कारण तिचं पातं फिरतं. फिरतं ते आत मोटर आणि दोन सेल आहेत म्हणून. वाऱ्यानं ते फिरत नाही, उलट तेच वारा घालतं. म्हणजे ती पवनचक्की नव्हे, टेबलफॅन आहे. परीक्षक म्हणून आलेल्या विज्ञानाच्या तीन शिक्षकांपैकी एकालाही हे खटकलं नाही.

अशा प्रत्येक टेबलावर एक पाटी असते, 'कृपया हात लावू नये'. महाराष्ट्रातल्या शालेय तंत्रशिक्षणाचं अख्खं धोरण या चार शब्दांत मावतं. बाकी शासननिर्णय, परिपत्रकं, आराखडे हे त्याचं स्पष्टीकरण.

मी वटारचा. घरची वाडी आहे, पण पोट भरलं ते वसई पूर्वेच्या गाळ्यांत. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात जे लोखंड कापलं, घासलं, तासलं जातं त्यात माझाही हात आहे. टूलरूममध्ये प्लॅस्टिकच्या झाकणांचे मोल्ड करणं हा धंदा. मोल्डच्या दोन भागांत केसाच्या जाडीपेक्षा कमी फट राहिली तरी वितळलेलं प्लॅस्टिक तिथून बाहेर येतं, झाकणाच्या कडेला पापुद्रा धरतो. आम्ही त्याला फ्लॅश म्हणतो. फ्लॅश आला की मोल्ड चुकला, विषय संपला. तिथं ग्रेस मार्क नसतात, पालकसभा नसते, 'मुलानं प्रयत्न चांगला केला' असा शेरा नसतो. तयार झालेली वस्तू स्वतःच निकाल देते आणि त्यावर अपील नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या शाळांना हा निकाल नको आहे. पैसा नाही, जागा नाही, वेळ नाही, शिक्षक नाहीत, ही सगळी कारणं नंतर सुचलेली. मूळ भीती अशी की मुलाच्या हातात पत्रा आणि कानस दिली तर चाळीस मुलांचे चाळीस वाकडे तुकडे होतील, आणि ते वाकडे आहेत हे शिपायालाही दिसेल. वहीतली चूक लाल शाईखाली लपवता येते. वाकडा तुकडा टेबलावर डुगडुगतो.

गाळ्यात मुलाखतीला येणारी मुलं बघा. मेकॅनिकलची पदवी, प्रथम श्रेणी. अशाच एकाला मी व्हर्नियर कॅलिपर दिला आणि एक तुकडा मोजायला सांगितला. त्यानं कॅलिपर उलटासुलटा करून विचारलं, 'सर, डिस्प्ले कुठं आहे?' आमच्याकडं बिनडिस्प्लेचा, ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येणारा साधा कॅलिपर असतो. तो बारावीपर्यंतच्या प्रत्येक भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये असतो आणि जर्नल दर वर्षी मागच्या वर्षीच्या मुलाचं उतरवलं जातं. मग मी दोन तुकडे त्याच्या दोन हातांत ठेवले, एक अ‍ॅल्युमिनियमचा, एक पोलादाचा, दोन्हीवर सारखा राखाडी रंग. कुठला कुठला, विचारलं. त्यानं दोन्ही तुकडे फिरवून पाहिले आणि म्हणाला, 'ग्रेड लिहिलेली नाही.' पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं. त्याच्या हातांना ते कळलं असणारच, पण हातांना काही कळतं यावर विश्वास ठेवायला सोळा वर्षांत त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पोरगं हुशार होतं, नम्र होतं. मी त्याच्यावर चिडलो नाही. त्याला पहिलीपासून प्रथम श्रेणी देत आलेल्या सगळ्यांवर चिडलो.

आठवीचं कुठलंही मूल तुम्हाला धातूंचे गुणधर्म म्हणून दाखवेल. तन्यता, वर्धनीयता, कठीणपणा, नादमयता. व्याख्या पाठ, उदाहरणं पाठ, दोन गुण खिशात. आता त्याला शिवणाची एक सुई द्या, चिमट्यात धरून गॅसवर लाल होऊ द्या आणि तशीच हळूहळू गार होऊ द्या. ती बोटांनी तारेसारखी वाकते. तीच पुन्हा लाल करून पाण्यात बुडवा. आता वाकवायला गेलात तर टचकन मोडते. सुई तीच, पोलाद तेच, गार करण्याचा वेग तेवढा वेगळा. लोहार पाजवलेल्या विळ्याला पाणी का देतो, स्प्रिंग का ताणली तरी परत येते, गाडीचा गियर वरून कठीण आणि आतून चिवट का ठेवावा लागतो, हे सगळं त्या दोन रुपयांच्या सुईत आहे. वेळ लागतो दहा मिनिटं. ही दहा मिनिटं वसई-विरारमधल्या किती वर्गांत दिली जातात ते कुणीही आपल्या घरच्या आठवीतल्या मुलाला विचारून पाहावं. मी विचारत असतो. मुलं सांगतात, 'ते इम्पॉर्टंट नाही, परीक्षेला येत नाही.'

एके काळी येत होतं. दहावीला 'टेक्निकल' घेता यायचं. आठवड्यातला ठरलेला वेळ वर्कशॉपमध्ये जायचा, खाकी एप्रन, शेगडा, कानस, गुण्या. पहिला जॉब ठरलेला: लोखंडाच्या पट्टीची एक कड सरळ करायची आणि दुसरी तिच्याशी काटकोनात आणायची. सोपं वाटतं. कानस पुढं ढकलताना दाबायची, मागं आणताना उचलायची. नवशिका दोन्ही वेळा दाबतो, कानशीचे दाते बोथट करतो आणि हात डोलतात म्हणून कड मधे फुगते. मग तो तुकडा गुण्याला लावून खिडकीच्या उजेडाकडं धरायचा. मधून उजेड आला तर पुन्हा शेगड्यात. आमचे सर तोंडानं काही बोलत नसत, नुसते खिडकीकडं बोट दाखवत. कितीही वर्षं त्या सरांनी शिव्या घातल्या असत्या तरी जे शिकलो नसतो ते त्या रेघभर उजेडानं शिकवलं. ताठ मानेनं सांगतो, मला भूमितीतला काटकोन तिथं कळला, भूमितीच्या तासाला नाही.

या विषयाची वाट दोन गोष्टींनी लावली. पहिलं, शाळांनी ठरवून टाकलं की टेक्निकल हे 'ढ' मुलांसाठी. गणितात कमी पडला, इंग्रजीत कमी पडला, द्या टेक्निकलला. म्हणजे ज्या कामाला सगळ्यात जास्त गणित लागतं तिथं गणित न येणारी मुलं पाठवायची आणि मग म्हणायचं, बघा, या विषयाचा दर्जा नाही. दुसरं, शिक्षक निवृत्त झाले तसतशी पदं मोकळी पडली, यंत्रं गंजली आणि वर्कशॉपच्या खोलीत जुने बाक रचले गेले. याला कुणी निर्णय म्हणत नाही. महाराष्ट्रात अनेक विषय असे निर्णयावाचूनच मरतात.

मागणी मात्र फार जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं त्यात शेतीचं आणि उपयोगी पडणारं ज्ञान शाळेत द्या असं बजावलं होतं, आणि बोलणारा माणूस स्वतः बांधकामाचा ठेकेदार होता, चुना-दगडाशी व्यवहार असलेला. १९३७ साली वर्ध्याला नयी तालीम मांडली गेली, हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवा म्हणून. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभव सांगितला. कार्यानुभवाचं पुढं काय झालं ते प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे: तो गणिताचा जादा तास झाला. वेळापत्रकात कार्यानुभव, फळ्यावर वर्गसमीकरणं, प्रगतिपुस्तकात 'अ' श्रेणी. एकाही मुलानं काही न बनवता वर्गातल्या प्रत्येक मुलाला बनवण्याची 'अ' श्रेणी मिळणं हा चमत्कार आपण पन्नास वर्षं दर एप्रिलमध्ये घडवतो आहोत.

आणि हे जमतच नाही असं म्हणायचीही सोय नाही, कारण जमलेलं उदाहरण पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात उभं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली बरी चाललेली नोकरी सोडून १९८३ साली पाबळला गेले, दुष्काळी गावात, आणि विज्ञान आश्रम काढला. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय बांधला: वर्कशॉप, ऊर्जा आणि पर्यावरण, घर आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. आठवड्यातला एक दिवस हातानं काम. त्यातली खरी हुशारी पुढं आहे. शिकवायला गावातलाच वेल्डर, गावातलाच गवंडी, गावातलीच कसबी माणसं. आणि मुलांनी बनवायचं ते प्रदर्शनासाठी नाही, गावाच्या गरजेचं. गेट करा, माती तपासून द्या, वायरिंग करा. गिऱ्हाईक पैसे देणार, म्हणजे गिऱ्हाईक कटकट करणार, म्हणजे निकाल लागणार. याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅबलॅब, म्हणजे वस्तू घडवायची प्रयोगशाळा, उभी केली. एमआयटीवाले वाकडी वाट करून पाबळला गेले. आपल्या मुख्याध्यापकांना पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरला वळायला चाळीस वर्षांत सवड झालेली नाही.

त्याहून जवळचं सांगतो. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, विरारहून गाडी बदलून जाता येतं. तिथं चित्रा नटराजन आणि सुग्रा चुनावाला यांच्या गटानं मधल्या इयत्तांतल्या मुलांसाठी डिझाइन आणि तंत्रज्ञानाचे पाठ तयार केले. शहरातल्या इंग्रजी शाळेत, शहरातल्या मराठी शाळेत आणि ग्रामीण मराठी शाळेत ते करून पाहिले. एक पाठ पिशवीचा, एक बाहुल्यांचा, एक पवनचक्कीचा. मुलांनी आधी कागदावर चित्र काढायचं, मोजमापं टाकायची, साहित्याची यादी करायची, मग बनवायचं, मग एकमेकांचं तपासायचं. आणि पवनचक्कीची अट काय? तिनं वजन उचललं पाहिजे. बस्स, एवढ्या एका अटीत नालासोपाऱ्याची सगळी स्टेशनरी झोपते. वजन उचलायचं म्हटलं की पात्याला तिरपेपणा लागतो, आस गुळगुळीत फिरावा लागतो, खांब हलून चालत नाही. मुलगा चार वेळा चुकतो आणि पाचव्यांदा त्याला बल, घर्षण, आधार यांचा धडा वाचायची गरज उरत नाही.

हे सोडून आपण काय निवडलं? किट. नीती आयोगानं २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या, शाळेमागं २० लाखांपर्यंत अनुदान, दहा हजार शाळा झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा. कल्पना वाईट नाही, मी यंत्राचा माणूस, थ्रीडी प्रिंटर बघून मला आनंदच होतो. काही शाळांत पोरं त्यावर खरोखर डोकं लढवतात. पण ज्या एका शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं तिथलं सांगतो, नाव घेत नाही. दाराला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली लेखनिकाकडं, लेखनिक जनगणनेच्या की निवडणुकीच्या कामाला. शेवटी दार उघडलं. प्रिंटरवर धूळ नव्हती, कारण त्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढलेलंच नव्हतं. हँडड्रिल, पक्कड, सोल्डरिंग गन भिंतीवर रंगवलेल्या आकृत्यांत ओळीनं टांगलेली, एकाही मुठीला घामाचा डाग नाही. भिंतीवर फलक, 'नवनिर्मितीकडे वाटचाल'. मुलांना विचारलं, तुम्ही इथं काय बनवलं? एक मुलगी धीटपणे म्हणाली, 'सर, उद्घाटनाला रोबो चालवला होता.' रोबो कुणी जोडला? 'कंपनीचे दादा आले होते.'

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० काय म्हणतं? सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली. तीन वर्षांत दहा दिवस! सुताराच्या हाताखाली दहा दिवसांत मुलगा रंधा धरायला शिकत नाही, रंध्याचं पातं काढायला घाबरू नये इतकंच शिकतो. तेही चाललं असतं. पण प्रत्यक्षात दप्तर घरी ठेवून मुलं रांगोळी काढतात, योगासनं करतात, फोटो काढून पाठवतात. राज्यानं २०२४ मध्ये आनंददायी शनिवार आणला, त्यातही तेच. आनंदाला माझा विरोध नाही. पण लोखंड कापताना कसा आनंद होतो ते एकदा तरी मुलांना कळू द्या.

खरं तर आमच्या गावात अभ्यासक्रम जमिनीवर पडलेला आहे, उचलायला कुणी नाही. शेजारच्या आगाशीला सोळाव्या शतकात युरोपचा प्रवास झेपेल असं जहाज बांधल्याची नोंद ठाण्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. ते लांबचं राहू द्या, वाडीतल्या विहिरीपाशी या. इथं रहाट होते. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, त्याच्याबरोबर आडवं दातेरी लाकडी चाक फिरायचं, ते उभ्या चाकाला फिरवायचं, आणि गाडग्यांची माळ पाणी वर आणायची. आडव्या फिरण्याचं उभं फिरणं कसं होतं, दात्यांच्या संख्येवरून वेग कसा ठरतो, एक दाता मोडला तर अख्खं चाक न बदलता तेवढाच का बदलता यावा, हे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं पुस्तक आमच्या आजोबांच्या अंगणात करकरत होतं. मग डिझेल इंजिनं आली, मग विजेचे पंप, आणि रहाट जळणात गेले.

रहाटासाठी मी गळा काढत नाही. पंप शंभर पटीनं सोयीचा आहे. पण त्याची पुढची गोष्ट मुलांना कोण सांगणार? किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, कारण खारं जड. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, त्याच्या साधारण चाळीस पट खोल गोडं पाणी. हिशेब उलटा वाचा: पंपानं पातळी एक मीटर खाली ओढली तर खारं पाणी चाळीस मीटर वर यायला मोकळं होतं. रहाटाचा बैल दमायचा, विहीर सावरायची. पंप दमत नाही. वर टँकरवाले आले, बांधकामांना पाणी गेलं, आणि पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी मचूळ झाल्या, पानवेली गेल्या, केळी खुरटल्या. यंत्र निवडताना ते काय करतं याबरोबर ते कुठं थांबतं हेही बघायचं असतं, हा डिझाइनमधला सगळ्यात महागडा धडा वसईनं स्वतःच्या खर्चानं घेतला. आणि त्याच वसईतली मुलं 'जलसुरक्षा' नावाच्या विषयाची कार्यपुस्तिका गाइडमधून उतरवून भरतात. शाळेच्या बाहेर बावखलात, म्हणजे गावातल्या तळ्यात, डेब्रिज पडत असतं, आत थर्माकोलच्या घराच्या पन्हाळीतून निळा रंग टाकलेलं पाणी बादलीत साठवलेलं असतं. त्या बावखलाची खोली दोरीला दगड बांधून मोजा, विहिरीचं पाणी दर महिन्याला चाखा, क्षार मोजायचं उपकरण काही शे रुपयांत मिळतं, ते बुडवा आणि आकडे भिंतीवर लिहा. मुलं लिहितील. पण ते आकडे भिंतीवर लागले तर डेब्रिज टाकणाऱ्याचं नाव विचारलं जाईल, आणि तो कदाचित बक्षीस समारंभाचा अध्यक्ष असेल.

आता पालक. मी माझ्या घराच्या ओट्यावर सुट्टीत चार पोरांना जमवून कानस शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी एका मुलाची आई आली. 'काका, याला कानस-बिनस नको हो. तो इंजिनीअर होणार आहे.' मी हसलो नाही. ती बाई चूक बोलत नव्हती, तिनं आजूबाजूला बघितलं होतं. हात काळे करणारा आयुष्यभर गाळ्यात, आणि एसीत बसून हात काळे करणाऱ्यांची हजेरी घेणारा तो इंजिनीअर. ज्या समाजानं शेकडो वर्षं सुताराला, लोहाराला, कुंभाराला अंगणाच्या कडेला बसवलं, त्या समाजाची शाळा त्यांचं काम वर्गाच्या मधोमध कसं आणेल? आठवीपासून जेईईचं फाउंडेशन लावणारे क्लास बोळिंजपासून नालासोपाऱ्यापर्यंत आहेत. पाया म्हणतात त्याला. पायात एक वीट नाही.

राहिली सुरक्षितता. मुख्याध्यापकांचा हुकमी एक्का. करवतीनं बोट कापलं तर जबाबदार कोण? बरोबर आहे. हीच मुलं अकरावीत गेल्यावर विरार फास्टच्या दारात एका हातानं दांडी धरून अंधेरीला जातात, तेव्हा त्यांच्या बोटांची काळजी कुणी करत नाही. इंग्लंडनं १९९० पासून डिझाइन आणि तंत्रज्ञान हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात घेतला, लाखो पोरांनी करवती धरल्या. तिथंही आता हा विषय घेणारी मुलं घटली आहेत, पण बोटं कापली म्हणून नव्हे; शिक्षक मिळत नाहीत हे त्याचं एक कारण. आपल्याकडं शिक्षक मिळतात, ते वसई पूर्वेच्या प्रत्येक गाळ्यात उभे आहेत, निवृत्त होऊन प्रत्येक वाडीत बसले आहेत. त्यांच्याकडं बी.एड. नाही एवढंच.

म्हणून मागल्या वर्षी मी जवळच्या एका शाळेला पत्र दिलं. मी आणि माझ्याबरोबरचे दोन निवृत्त फिटर, दर शनिवारी दोन तास, मानधन नको. शेगडे आमचे, कानशी आमच्या, गॉगल आमचे, लोखंडाच्या पट्ट्या गाळ्यातून फुकट. आठवीच्या वीस मुलांना वर्षभरात प्रत्येकी एक सरळ कड, एक काटकोन आणि चालणारा एक कडी-कोयंडा करता येईल, एवढीच हमी. तीन महिन्यांनी सही-शिक्क्याचं उत्तर आलं. प्रस्तावाचं स्वागत आहे. मात्र उपक्रम वार्षिक परीक्षेनंतर, एका तासात आटोपेल असा ठेवावा, छायाचित्रं सोबत जोडावीत, आणि विद्यार्थ्यांच्या हाती कोणतीही धारदार वस्तू देऊ नये. कानशीला धार नसते, दाते असतात, असं मी उलट टपाली कळवलं आहे.